घासून पुसलेला सांधा

परदेशातल्या नोकरीच्या चाचणीत मी नापास झालो तो टापटिपीमुळं. टापटिपीचा आळ माझ्यावर आयुष्यात तेवढाच आला, म्हणून तो मी जपून ठेवलाय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. रांजणगावच्या कारखान्यात मी कंत्राटी वेल्डर होतो, कारेगावात भाड्याच्या खोलीत संसार होता आणि कंत्राट दिवाळीपर्यंतच होतं. मस्कतला पाइप जोडणारे वेल्डर हवे होते. मुंबईत चाचणी द्यायची, पास झालं की व्हिसा.

पाइप मी जोडला, झकास जोडला. वेळ उरला होता आणि ग्राइंडर समोरच पडला होता. मी काम शिकलो दौंडला, उसाच्या ट्रॉल्या बनवत. तिथलं गिऱ्हाईक आधी सांध्यावरून तळहात फिरवतं, हात अडकला की तोंड वाकडं करतं. म्हणून जोडलं की घासायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी तो सांधा आरशासारखा केला.

"हे कुणी घासलं?" तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब." मी शाबासकी घ्यायच्या तयारीत.

"तुमचा हात कसा चालतो ते बघायचं होतं, मामा. तुम्ही तेच पुसून टाकलंत."

वेल्डिंगचा शेवटचा थर पडेल तसा ठेवायचा, अशी पाटी भिंतीवर होती. मी फक्त जेवणाच्या सुट्टीची वेळ वाचली होती. पण तिशीतल्या माणसाला मामा म्हटलेलं जास्त लागलं. महिन्याभरानं पुन्हा या, म्हणाले. तेवढीच आशा.

बायकोनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी जोडाया येतंय, गप बसाया येत न्हाई."

मग कामावरून सुटलो की शिरूरला एका ओळखीच्या आप्पांच्या वर्कशॉपात जायचो. भंगारातले पाइप ते द्यायचे, ग्राइंडर मात्र कुलपात. न घासलेला माझा पहिला सांधा बघून आप्पा म्हणाले, "उंदरानं कुरतडलाय व्हय रं?" इतकी वर्षं ग्राइंडरनं माझी अब्रू झाकली होती, हे तेव्हा कळलं. हळूहळू हात स्थिर झाला. सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी सरळ ओळ उमटू लागली. एक दिवस आप्पांनी सांधा निरखून बघितला. मग दोघांना चहा मागवला.

दुसऱ्या चाचणीला काम संपल्यावर मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. साहेबांनी बॅटरी मारून सांधा पाहिला, मग त्याची पट्टी कापून मशीनवर वाकवली. तडा गेला नाही.

"पासपोर्ट काढलाय ना?" त्यांनी विचारलं.

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. पास झालो म्हटल्यावर हसली. दोन वर्षांचा करार म्हटल्यावर तिचा हात थांबला. मग तिनं परात माझ्यापुढं सरकवली.

"घ्या, मळा," ती म्हणाली. "तिथं कोण करून घालणार हाय तुम्हाला? जायच्या आत चपाती तरी आली पायजे."