नको म्हटलेली शिक्षा

लेकीकडे अमेरिकेत टीव्हीवर त्यांचा तो, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल चालला होता. एकानं दुसऱ्याला मागून धरलं, तसा पंचानं पिवळा रुमाल टाकला.

"आता शिक्षा," मी म्हटलं.

"ज्याला धरलं त्याचाच संघ शिक्षा नको म्हणतोय, आई," जावई म्हणाला. "चेंडू बराच पुढे गेलाय. शिक्षा मागितली तर चेंडू पुन्हा मागे आणावा लागेल."

म्हणजे मोठेपणा नव्हे, साधं शहाणपण. मला तेवढंही नव्हतं. भाचीच्या साखरपुड्याला मला बोलवायचं राहिलं, म्हणून ताई करंज्यांचा डबा घेऊन दारात आली होती. "चुकलं गं," म्हणाली. मी डबा घेतला नाही. पुढे कधी बोललेही नाही, आणि एक दिवस ताई वारली.

पंचानं रुमाल उचलून कमरेला खोचला.

करंज्या ओल्या नारळाच्या होत्या, माझ्या आवडीच्या. दारातच वास आला होता.