शीग लावलेला चमचा

मंडळी, तक्रार नोंदवून घ्या. आज सकाळी माझा चहा ओट्यावर थंडगार झाला आणि लेकीने त्याची दखलही घेतली नाही. ती नातवाच्या लंगोटाकडे डोळे लावून बसली होती.

नातू डब्याच्या दुधावर आहे. लेक मेहकरला शाळेवर गेली की बाटली मीच बनवतो. परवापासून साहेबांचं पोट साफ नाही. कुंथून लालबुंद होतात, कडक खडा टाकतात आणि घर डोक्यावर घेतात. म्हणून आज लेक रजा टाकून थांबली, आणि माझं बाटली बनवणं बघत राहिली.

"बाबा, पावडरीच्या चमच्यावर ही शीग काऊन लावून राह्यले तुमी?"

"तुही आई कोणाले सपाट माप देत होती काय?"

गहू असो की साखर, वर ढीग रचल्याशिवाय हिचं माप पुरं होत नसे. ही गेली, सवय माझ्या हातात राहिली.

डॉक्टरांना फोन केला. "दूध घट्ट होतंय. आधी मोजून पाणी, मग सपाट चमचा. घुटी, मध काही नको." मग तसंच दूध, कोमट पाण्याने अंघोळ, पायांची सायकल. संध्याकाळी लंगोट भरला. लेकीच्या दहावीच्या निकालालाही मी एवढा ओरडलो नव्हतो.

तुमच्या हातात कोणाची सवय राहून गेलीय?

शेजारच्या शोभावैनीकडून हिने वाटीभर साखर उसनी आणली होती. परत करायची राहूनच गेली. आत्ता देऊन आलो. शीग लावून.