शिंगाळ्याचा श्रावण

लग्न होऊन मालवणात आले तेव्हा ओटीवरच्या काचेच्या टाकीत एक राक्षस पोहत होता. हातभर लांब, ओल्या पाटीच्या रंगाचा, तोंडाभोवती लांब मिशा. शिंगाळा मासा तो, गेल्या गणपतीनंतर नदीत बोटाएवढा सापडला होता म्हणे. आमच्या ह्यांनी तो वाढवला होता. मुंबईत कुठेतरी काचेत मासे पोहताना बघून आले आणि लोखंडी चौकट, काचा आगबोटीतून घरी आणून स्वतः टाकी बांधली. मला आधी वाटलं, कपाळ माझं! माणूस मासा खायला आणतो, हा पाळायला आणतो.

पण एकदा त्याला खाताना पाहिलं आणि बघतच राहिले. वरून जिवंत मुडदुशी मासळी सोडली, ती बिचारी दोन वळणं पोहली, ह्याने नुसतं तोंड उघडलं. संपली! ना धावपळ, ना पाणी हललं. पुन्हा आपला तळाशी मिशा हलवत स्वस्थ. काय तो रुबाब! आमच्या गावच्या खोतालाही जमला नसता.

पावसाने बोटी बंद व्हायच्या आत हे मुंबईला परत निघाले. जाताना माझ्याशी बोलले ते एवढंच, "ह्येका सांभाळ हां. गणपतीच्या चवथीक येतंय तेव्हा माका तो जितो व्हयो." नव्या नवऱ्याने पहिलीच गोष्ट विश्वासाने हातात दिलेली. तीही असली!

आषाढ निभावला. मग श्रावण लागला. सासूचा श्रावण कडक. महिनाभर घरात मासळी नाही, मासेवालीने बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, आत पाऊलही टाकायचं नाही. मी भीत भीत शिंगाळ्याचं विचारलं.

"श्रावण सगळ्यांक सारखो," ती म्हणाली. "ह्येका काय येगळो?"

भाताची शितं टाकली, उकडलेले चणे टाकले, खोबऱ्याचा कीसही टाकून पाहिला. मेला ढुंकून बघेना. पाणी मात्र नासलं, ते उपसता उपसता माझ्या नाकी नऊ आले. हळूहळू तो कोपऱ्यात पडून राहायला लागला. मिशासुद्धा हलेनात. हे येतील आणि रिकामी टाकी बघतील, मग माझ्याकडे बघतील. काय सांगू, रडायचीच बाकी होते.

एका सकाळी पाऊस धो धो पडत असताना पाहिलं, तर सासू डोक्यावर इरलं घेऊन केळींच्या बुडाशी उकिडवी बसलेली. हातात खोरं. शेजारच्या करवंटीत गांडुळं वळवळत होती.

"बघतंस काय? गांडूळ म्हणजे मासो न्हय," ती माझ्यावरच डाफरली. "देवाक काय ता मी सांगतलंय."

मग ती स्वतः टाकीपाशी उभी राहिली आणि एकेक गांडूळ पाण्यात सोडलं. पहिलं तळाशी गेलं, तो हललाही नाही. दुसऱ्याला मिशी लागली. आणि ते तोंड उघडलं! माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर श्रावण संपेपर्यंत हेच. आंघोळ झालेली बाई चिखलात बसायची, त्याला घालायची, आणि देवाला दिवा लावायच्या आधी विहिरीवर पुन्हा डोक्यावरून गार पाणी घ्यायची. मी खणते म्हटलं तर म्हणायची, तुला केळींची मुळं कळायची नाहीत. खोकला झाला तरी ऐकलं नाही. अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि अशी मोठ्या मनाचीही.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, चवथीला चार दिवस असताना, हे एसटीने आले. चिखलाच्या पायांनीच टाकीकडे गेले. मासा जिवंत, उलट चांगला पोसलेला.

"कोणी राखल्यान ह्येका?"

मी तोंड उघडायच्या आत सासू बोलली, "तुझ्या बायलेन. माका खंय येळ असल्या घाणीक हात लावूक?"

तिच्या नखांत त्याच सकाळी खणलेली तांबडी माती तशीच होती. ह्यांनीही ती पाहिली असणार, पण ते माझ्याकडे बघून हसले. मी वाकले आणि तिचे पाय धरले.

"आज खंयचो सण गो?" ती खेकसली आणि पाय मागे घेतले.