वायर न जोडलेला रिमोट

माझ्या आईच्या हातात कॅफेवाल्यांनी जो रिमोट दिला होता, त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकल्यावर बरेच जण हसतात आणि विचारतात, "एवढंच ना?" हो, एवढंच. पण मला अजून राग येतो. तो का येतो हे सांगायचं तर आईचं आणि टीव्हीवरच्या त्या खेळाचं काय नातं आहे, तिथपासून सुरुवात करावी लागेल.

आई उत्तनची, कोळ्यांची लेक. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आली. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते आणि आई बाजारात मासळी विकायची. मी सहावीत असताना दिवाळीला बाबांनी घरी टीव्ही गेम आणला. पांढरट रंगाचं प्लॅस्टिकचं मशीन, वायरने त्याला जोडायचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. आम्ही त्याला कॅसेटच म्हणायचो आणि अजूनही म्हणतो. मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच्यावर तुटून पडलो. आई दुपारी बाजारातून आली की ओरडायची, "डोळे फोडाल रे!" आणि हात धुवायला मोरीत जायची.

मग भावाला कावीळ झाली. तो महिनाभर अंथरुणाला होता आणि मला खेळायला जोडीदार उरला नाही. आमचा आवडता खेळ रणगाड्यांचा. पडद्याच्या खालच्या बाजूला मधोमध विटांच्या भिंतीआड एक पक्षी असतो. वरून शत्रूचे रणगाडे येतात, त्यांना उडवायचं आणि त्या पक्ष्याला वाचवायचं. तो मेला की खेळ खलास. एकटीला ते जमेना. एका दुपारी मी रडकुंडीला येऊन आईला म्हटलं, "तू नुसती पाखरापाशी उभी राहा. बाकी मी बघते."

आई बसली. पहिल्या दिवशी तिने स्वतःच्याच गोळीने पाखरू मारलं. आठवड्याभराने मी मरायचे आणि ती एकटी पुढच्या दोन-दोन फेऱ्या काढायची. मी शत्रूच्या मागे धावायचे, ती जागची हलायची नाही. "आपण कशाला जायाचं?" म्हणायची. "त्याला यायचंच हाय. येऊ दे." तिचा अंगठा त्या बटणावर असा टिपून पडायचा की मी खेळायची थांबून तिच्या हाताकडेच बघत बसायचे. कोळंबी सोलताना तिचे हात असेच चालायचे, न बघता, न चुकता.

भाऊ बरा झाला, मोठा झाला, लग्न करून वसईला गेला. माझं खेळणं कॉलेजात सुटलं. आता मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आईजवळच राहते. बाबा गेले. आईचे गुडघे गेले, बाजार सुटला. खेळ मात्र सुटला नाही. रोज चार वाजता चहा झाला की ती चष्मा बदलते, जुना डबा टीव्ही लावते आणि बसते. मशीन आता पिवळं पडलंय. कॅसेटच्या पिना ती दर पंधरा दिवसांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसते. आम्ही लहानपणी तोंडाने फुंकर मारायचो, त्याने पिना गंजतात हे तिचं तिने शोधून काढलंय. मशीनला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

लोकांना हे पचत नाही. नातेवाईक आले की तोंडावर पदर धरून हसतात. मजल्यावरच्या एक बाई मला जिन्यात म्हणाल्या, "आईंना आता जपमाळ द्या हातात." त्यांचे यजमान दिवसभर मोबाईलवर पत्ते खेळतात, त्यांना कोणी जपमाळ देत नाही. पण म्हातारीने खेळावं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं यांना वाटतं. किंवा मग दुसरी जात, "अय्या, किती क्यूट!" म्हणणारी. या दुसऱ्या जातीनेच आमचा घात केला.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, बी विंगला राहणाऱ्या एका तिशीच्या तरुणाने मीरा रोडला कॅफे काढला. जुन्या जमान्याचा थीम कॅफे. जुने टेलिफोन, जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर असं सगळं मांडलेलं. आमच्याकडे मशीन आहे हे त्याला कुठूनतरी कळलं आणि तो एका संध्याकाळी घरी आला. आई खेळतच होती. तो दारातच थांबला.

"काकू, ये अभी भी चलता है?"

"चालताना दिसतोय ना?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मग तो बसला आणि मराठीवर आला. ओपनिंगला आठवडाभर मशीन द्याल का, असं विचारत होता. लोक येतील, खेळतील, नव्या मुलांना कळेल हे काय होतं ते. "आणि पहिला गेम काकू खेळणार. सगळ्यांसमोर. आम्ही व्हिडिओ करू."

आईने हातातली फेरी पूर्ण केली, रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "लोकं खेळतील?"

"खेळण्यासाठीच तर पाहिजे, काकू."

त्या एका वाक्यावर आईने मशीन दिलं. मी साक्षीदार आहे. तिने स्वतः ते जुन्या टॉवेलात गुंडाळलं, कॅसेट वेगळ्या डब्यात घातली आणि त्याला तीनदा बजावलं की फुंकर मारायची नाही.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. पर्समध्ये खेळायचा चष्मा. रिक्षात ती उजव्या हाताची बोटं चोळत होती. मी म्हटलं, "टेन्शन आलंय का?" तर म्हणाली, "माणसं बघणार. पाखरू मेलं तर लाज जाईल."

कॅफेत भिंतीवर मोठा चपटा टीव्ही होता. त्याच्यासमोर खुर्ची, बाजूला लाइट, आणि मोबाईल स्टँडवर लावून उभी असलेली एक मुलगी. आईला बसवलं. रिमोट हातात दिला. टीव्हीवर रणगाड्यांचा खेळ दिसत होता. ती मुलगी म्हणाली, "आजी, असं करा, पहिल्यांदा बघताय असं दाखवा. एकदम सरप्राइज."

"पहिल्यांदा न्हाय बघत मी," आई म्हणाली.

"हो हो, पण थोडं एक्स्प्रेशन."

खेळ सुरू झाला. मी बाजूला उभी होते. आईने चष्मा लावला आणि बटण दाबलं. रणगाडा डावीकडे गेला, पण तिने उजवीकडे दाबलं होतं. तिने परत दाबलं. रणगाडा उभाच. मग तो आपणहून वर गेला, गोळ्या मारत सुटला. आईच्या कपाळावर आठी आली. तिने रिमोट घट्ट धरला, जोरात दाबलं, आणखी जोरात. रणगाडा आपल्याच नादात. आईचं तोंड उघडं पडलं. त्या मुलीला तेच हवं होतं. "सुपर! बस, बस, झालं आजी!" आणि टाळ्या.

आई उठली. कॉफी दिली ती तिने घेतली नाही. बाहेर पायरीवर आल्यावर मला हळूच म्हणाली, "माझा हात गेला गं."

मी म्हटलं, "नवा टीव्ही आहे आई, अडकत असेल." आणि त्यावर मी विश्वासही ठेवला. माझा स्वतःवरचा राग इथे आहे. मी विज्ञान शिकवते. वायर कुठून कुठे जाते हे बघायला मी मुलांना शिकवते. आणि माझी आई समोर घामाघूम होत असताना मी खाली वाकून बघितलं नाही.

पुढचे चार दिवस घरात काय चाललं होतं ते मलाच माहीत. आई बोटं उघडायची, मिटायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. भाजी चिरायला घेतली आणि सुरी ठेवून दिली. म्हणाली, "कापून घेईन." तिची आई शेवटी लकव्याने गेली होती, अंथरुणात, हात छातीवर आखडलेला. त्याबद्दल आई कधी बोलत नाही. त्या चार दिवसांत दोनदा बोलली. बुधवारी तिने मला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. माझी आई, जी ताप आला तरी गोळी घेत नाही.

गुरुवारी शाळेत, मधल्या सुट्टीत, एका सहकारी बाईंनी मला मोबाईल दाखवला. "ही तुझी आई ना गं?" रील होतं. वर लिहिलेलं, 'आजीने आयुष्यात पहिल्यांदा गेम हातात घेतला!' खाली बदामच बदाम. आईचं ते उघडं तोंड, त्यावर गोंडस संगीत. मी बघत होते आणि शेवटच्या क्षणी, कॅमेरा मागे गेला तेव्हा, मला टेबलाखाली रिमोटची वायर दिसली. गुंडाळी करून रबर लावलेली. तिचं टोक हवेत.

मी ते सात वेळा बघितलं. मग तास कसेबसे संपवले आणि रिक्षा करून थेट कॅफेत गेले.

तो काउंटरलाच होता. मी विचारलं, "वायर का नाही जोडली?"

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो हसला. खरंच हसला. "अरे मॅडम, त्या टीव्हीला तुमच्या मशीनची ती पिवळी पिनच लागत नाही. मग मोबाईलवरून दुसऱ्या कोणाच्या गेमचा व्हिडिओ लावला. काकूंना काय फरक पडतो? किती लाइक्स आलेत बघा ना!"

"तिला वाटतंय तिचा हात गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे चार दिवस ती भाजी चिरत नाहीये. डॉक्टरकडे निघालीय."

त्याचं हसू जरा कमी झालं. "सॉरी, पण रीलमध्ये एवढं तर चालतंच. सगळेच करतात."

मी मशीन मागितलं. ते भिंतीवरच्या फळीवर होतं. आणि कॅसेट घालायच्या खाचेत त्याने मेनूकार्ड उभं केलं होतं. जाड, लॅमिनेट केलेलं, आत दाबून बसवलेलं. म्हणजे त्या आठवड्यात कोणी खेळलं नव्हतं, कोणी खेळणारही नव्हतं. खेळण्यासाठीच पाहिजे म्हणून नेलेली वस्तू मेनूकार्डाचा स्टँड झाली होती. माझ्या तोंडून जे निघालं ते शाळेत शोभणारं नव्हतं. दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी मशीन काखेत मारलं, कॅसेटचा डबा आणि रिमोट घेतले आणि निघाले.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल. तिने आधी मशीन उलटं-सुलटं करून पाहिलं. खाचेत टॉर्च मारली. "पिना फाकवल्या मेल्यानं," म्हणाली. सुई आणली आणि दीड तास बसून एकेक पिन जागेवर आणली. त्याच हातांनी, जे गेले म्हणत होती. दोनदा पडदा नुसता करडा आला, तिसऱ्यांदा खेळ लागला. ती पाच फेऱ्या खेळली. मग रिमोट ठेवला आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा तापला.

"चल," म्हणाली.

"कुठे?"

"त्याच्याकडं."

गुडघ्यांचा त्रास असलेली बाई कॅफेच्या चार पायऱ्या माझा हात न धरता चढली. संध्याकाळ होती, गर्दी होती. तो पुढे आला, "या काकू, बसा ना, काय घेणार?"

आईचा बाजारातला आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. "बसायला न्हाय आले. मी तीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळी इकली. शिळी मासळी ताजी म्हणून एकदा पन न्हाय इकली. तू माझं तोंड खोटं करून इकलंस. पयल्यांदा खेळली म्हणतोस? तू जन्मला न्हवतास तवापासून खेळते मी. काढ ते."

"काकू, लोकांना आवडलंय—"

"मला न्हाय आवडलं. तोंड कुणाचं हाय?"

त्याने ते रील तिच्यासमोर काढून टाकलं. आईने मला मोबाईलवर बघून खात्री करायला लावली. मग ती म्हणाली, "आणि ते खेळायचं मशीन व्हतं. मेनू टेकवायचं न्हाय," आणि वळली.

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. रील त्याने काढलं, पण तोवर ते इतरांनी उचललं होतं. ते अजून फिरतं. त्याच्यावर आता कुणी वेगळं गाणं लावलंय, कुणी रडायचा आवाज. मी दिसेल तिथे तक्रार टाकते. एकदाही उत्तर आलेलं नाही. मासळी घ्यायला गेलो की बाजारात कोणीतरी आईला विचारतं, "रीलवाल्या आजी ना?" आणि आई दरवेळी थांबून सगळी हकीकत सांगते, वायरीपासून. अर्ध्यातच माणूस निघून जातो.

त्या सहकारी बाईंना मी सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरंय गं. पण किती गोड दिसतात!" मी घरी येऊन चिडून आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "तिला रविवारी बोलव."

बाई आल्या. पर्स ठेवायच्या आधी त्यांनी मोबाईल काढला, "काकू, एक फोटो काढते हं."

आईने दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला, त्याची वायर मशीनमध्ये खुपसलेली त्यांना बोटाने दाखवली आणि म्हणाली, "आधी खेळ."

बाईंनी पहिल्याच फेरीत पाखरू मारलं. मग म्हणाल्या, "परत लावा ना." दोन तास बसल्या होत्या.