सायरनबाईंची बोट

सायरनबाई पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या बंदराच्या धक्क्यावर, एका दलालाची बिनपाण्याने करताना. दलाल जुन्या शिडाच्या बोटी विकायचा आणि जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखा बोलायचा. एका रुंद बोटीवर चढताच त्याने बाईंच्या नवऱ्याला "या साहेब" म्हणत सुकाणूपाशी नेलं आणि बाईंना म्हणाला, "वहिनी, तुम्ही खाली ओटा बघून घ्या. कप्पे पुष्कळ आहेत."

"तुमच्या कुठल्या भावाशी लग्न झालंय माझं?" बाई म्हणाल्या. "ओटा मी घरी ठेवून आलेय. डोलकाठीचं बूड दाखवा."

साहेब म्हणजे गावातले बेकरीवाले. बोट धक्क्याला बांधलेली, पाणी ताटातल्यासारखं स्थिर, तरी ते दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते आणि चेहरा मैद्यासारखा झाला होता.

बाईंनी नोकरीभर अँब्युलन्स चालवली. सायरनबाई हे नाव तिथलंच. निम्मं गाडीवरून पडलेलं, निम्मं आवाजावरून. राग नाकाच्या शेंड्यावर. वाट न देणाऱ्या मोटारींवर, दार उघडायला रेंगाळणाऱ्या वॉर्डबॉयवर, लाल दिव्यावर. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या ओळखीच्यांच्या बोटींवर जायच्या आणि शिडाचे दोर हातात आले की भांडायचं विसरायच्या. निवृत्तीनंतर त्यांना एकच गोष्ट हवी होती: मध्यम आकाराची, जुनी का होईना पण चपळ बोट. सकाळी निघावं आणि उजेड आहे तोवर पुढचं बंदर गाठावं. आयुष्यभर त्या वेगातच गेल्या होत्या, पण पाठीमागे कायम कुणीतरी कण्हत असायचं. आता मागे कुणी कण्हत नसताना वेगात जायचं होतं.

बोट पारखायची त्यांची रीत ठरलेली. स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि त्याच्या मुठीने डेक वीत-वीत ठोकत जायचं. ठणठणीत असेल तिथे 'टक' वाजतं. आत पाणी मुरून कुजलं असेल तिथे 'भद्द'. भद्द वाजलं की बाई मालकाकडे अशा बघायच्या, की तो स्वतःच भाव सांगायचं थांबवायचा.

शेवटी एक सापडली. छत्तीस फुटी, अरुंद, पाण्यालगत बसलेली, खाली कील, म्हणजे तोल सांभाळणारा कणा, खोल आणि वजनदार. केबिनमध्ये वाकून वावरायचं. शिडं थकलेली, पण अंग शाबूत. बाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि भाव पाडायचं चक्क विसरल्या.

तेवढ्यात दलालाचा फोन आला. "वहिनी, गाद्यांना निळं कापड चालेल ना? साहेबांनी त्या ओट्याच्या रुंद बोटीला होकार दिलाय."

बाई तशाच बेकरीत गेल्या. नवरा भट्टीतून पावाचे ट्रे ओढत होता.

"त्या टबाला तुम्ही हो म्हणालात?"

"टब नाही गं. रुंद आहे. कमी डुलते."

"आणि पुढचं बंदर येईपर्यंत तुमचे हे पाव शिळे होतील."

काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने पिशवीत हात घालून आपला पाव चाचपून पाहिला.

बेकरीवाल्यांनी हात पुसले. "तुझ्या त्या सुरीसारख्या बोटीत मी टिकणार नाही. हिच्यात कदाचित जमेल. इतकी वर्षं तू रात्रपाळी करून आलीस की मी भट्टी पेटवायला निघालेलो असायचो. आता तरी एका जागी असू म्हटलं."

यावर चिडावं तरी कसं, म्हणून बाईंचा राग आणखी भडकला. घरी जाताना त्यांनी वाटेतल्या सायकलीला, फाटकाच्या कडीला आणि स्वतःच्या चपलेला बोल लावले. मग दलालाला कळवलं, आधी त्या रुंद बोटीतून फेरी मारायची. नवराही बरोबर येईल.

निघण्यापूर्वी त्यांनी तिचा डेक इकडून तिकडे ठोकला. टक, टक, टक. कुठेच भद्द नाही. एखादी खोट सापडली असती तर राग काढायला जागा तरी मिळाली असती.

बंदराबाहेर लाटा कुशीवर येऊ लागल्या. वारा झकास होता, आणि बोट आडवा हात मारून जेवलेल्या पाहुण्यासारखी चालली होती. बाई सुकाणूवर, दलाल शेजारी, बेकरीवाले खाली केबिनमध्ये. दोनदा त्यांनी "छान आहे गं" म्हटलेलं ऐकू आलं. मग काहीच नाही. मग कण्हणं.

तो आवाज बाईंना नवा नव्हता. त्यांनी सुकाणू दलालाच्या हातात कोंबलं आणि खाली वाकून पाहिलं. दलालाने वाखाणलेल्या त्या ओट्याच्या सिंकमध्ये नवरा ओकला होता आणि आता फळ्यांवर पडून होता.

"परत नको फिरवूस," तो म्हणाला. "होईल सवय."

"सवय? गाडीत घालून आणलेली माणसंसुद्धा तुमच्यापेक्षा तजेलदार असायची."

त्यांनी बोट वळवली. दलाल म्हणाला, वहिनी, जरा बेताने. बाई म्हणाल्या, वाटेतून बाजूला व्हा. तो टब त्या दिवशी जितका पळाला तितका पूर्वी कधी पळाला नसेल.

धक्क्यावर त्यांनी नवऱ्याचं कपाळ धरलं, पण तोंड थांबलं नाही. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"कुणीच नाही. तू एकटी जाशील, म्हणून."

"जाईन एकटी. तुम्ही बसने या. पलीकडच्या बंदरात धक्क्यावर दोर झेलायला कुणीतरी लागतंच. तेवढं तरी नीट कराल ना?"

बेकरीवाल्यांनी तोंड पुसलं, जरा विचार केला. "बस मला लागत नाही," ते म्हणाले.

बाईंनी अरुंद बोट घेतली. हल्ली त्या सकाळी एकट्या निघतात आणि बेकरीवाले पाव विकून झाले की बस धरतात. बहुतेक वेळा बसच आधी पोहोचते, आणि याचा बाईंना अजून राग येतो.