दत्तानं वाढवलेला मुक्काम

दत्ता गेल्याची बातमी त्याच्या आईला, मावशींना, मीच फोनवर सांगितली. किनवटच्या जंगलातून त्याला घेऊन डांबरी रस्त्याला लागलो, तेव्हा कुठे रेंज मिळाली. फोन पडल्याचा आवाज आला, आणि मग नुसतं ओरडणं...

विष्णुपुरीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी लातूरकडचा, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला, सगळ्यालाच बिचकणारा. तो भोकरचा. त्याचा आधी हात चालायचा, मग तोंड. मेसमध्ये एकानं माझ्या बोलण्याची नक्कल केली, तर यानं ताट उचलून त्याचं नाक फोडलं होतं. असा माणूस आईपुढं मात्र गरीब.

सुट्टीत किनवटच्या डोंगरात फिरायला जायचं ठरलं, पण किती दिवस राहायचं, यावर आमचं आधीच जुंपलं होतं. मी आणि आमच्या वर्गातला इरफान एका मुक्कामावर अडून बसलो. मावशींनी दशम्या मात्र भरपूर दिल्या, दुधात मळलेल्या, टिकणाऱ्या. तो एक मुक्काम झाल्यावर सकाळी आम्ही परतायला पिशव्या भरल्या, तर दत्ता डबा उघडून बसलेला.

"अजून एवढ्या हायत."

"घरी ने की," इरफान म्हणाला.

"येडा हायस का? उरलेल्या दिसल्या की माय जेवत न्हाई. म्हणती, पोरं उपाशी राह्यली. संपवू, मग जाऊ."

"तुझ्या मायपायी आम्ही जंगलात!" इरफान हसला. आम्ही थांबलो.

त्याच दुपारी ओढ्याकाठच्या झुडपातून रानडुक्कर आलं. दत्ता पुढं होता. त्यानं हाणलेली काठी मोडली. डुकरानं मांडीत सुळा घुसवून वर ओढला, तो पडला, आणि ते फिरून पुन्हा त्याच्यावर आलं. आम्ही दगड मारत होतो, शिव्या देत होतो... ते गेलं तेव्हा रक्त उसळत होतं. माझा शर्ट, इरफानचा टॉवेल, काहीच पुरेना. त्याला पाठीवर घेऊन निघालो. वाटेतच माझ्या गळ्याभोवतीचे त्याचे हात सुटले.

परवा भोकरला गेलो. मावशींना इरफाननं सगळं सांगितलं होतं. "म्या कमी दिल्या असत्या तर..." म्हणत त्या स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागल्या. मी हात धरले. "मावशी, त्यालाच राहायचं होतं," एवढंच बोलता आलं. ते कितपत खरं होतं, मला माहीत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आता कवा येशील?"

"परीक्षा झाल्यावर. महिन्यानं."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या दोनच दशम्या ठेवल्या.

"एवढ्याच हायत," म्हणाल्या. "संपल्या की ये."