खोदाईआधीचं बंद दार

आमच्या गल्लीत एके काळी कुजबुज होती, की सबूर कंत्राटदार रोज दुपारी शिंपीणबाईंच्या घरात शिरतो आणि दार आतून लावून घेतो. सबूर हे त्याचं टोपणनाव, कारण कुठल्याही कामाआधी तो सगळ्यांना ताटकळत ठेवायचा. असली बातमी गल्लीत कुणाच्या पोटात राहते?

बाईंच्या घराला लागून एका शेठचं दुकान व्हायचं होतं, तळघरासकट. करारात सबूरनं हट्टानं एक कलम घालून घेतलं होतं: शेजारच्या भिंतीला टेकू द्यायचे आणि ती हलत नाही अशी खात्री होईपर्यंत खोदायचं नाही. बाईंची भिंत आधीच पोट सुटल्यासारखी फुगली होती. ती पडती, तर घर आणि शिलाई मशीन दोन्ही गेलं असतं.

शेठ वैतागला. "काय हो, भिंत बघता की भिंतीआडचं कुणी?"

"दोघंही जागेवर राहिली पाहिजेत," सबूर म्हणाला. "करारावर सही तुमचीच आहे."

शेवटी सबूरच्या बायकोनंच विचारलं, "अहो, पण दार कशाला लावता?"

"उद्या तूच चल."

ती गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंकडे ब्लाउज शिवायला टाकू लागली. पुढे तळघर झालं, दुकान झालं. भिंत अजून उभी आहे.

दार उघडं असलं की वारा यायचा आणि भिंत सरकते का ते बघायला तिच्यालगत दोरीनं टांगलेला ओळंबा हलायचा. म्हणून तो दार लावायचा.